बॅकबेचा शेअर आणि धारवाडचा कापूस : १८६५ चा सट्टा आणि त्यानंतरची मंदी

शेअरबाजार कोसळला की देशात मंदी येते, असं आपण सर्रास म्हणतो. पण मधला दुवा कोणता, हे विचारलं की गडबड होते. ज्यांच्याकडे शेअर आहेत त्यांचं नुकसान झालं, हे समजतं. पण ज्यानं जन्मात शेअरचा कागद बघितला नाही, त्याची मजुरी का बुडावी? सौंदत्तीच्या काळ्या रानात कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला मुंबईच्या दलालाच्या दिवाळ्याची झळ का लागावी? मंडळात १९२९ च्या महामंदीवर बोलणं झालं तेव्हा हाच प्रश्न दोघा-तिघांनी विचारला होता. त्याचं उत्तर शोधायला न्यूयॉर्कपर्यंत जायची गरज नाही, असं माझं मत आहे. मुंबईत १८६५ मध्ये जे झालं त्यात ही सगळी साखळी कडीकडीनं दिसते, आणि तिचं एक टोक आपल्या बेळगाव-धारवाडच्या मातीत रुतलेलं आहे.

सुरुवात कापसापासून. १८६० च्या आसपास लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त माल अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांतून येई. आपल्याकडचा कापूस तिथं दुय्यम समजला जायचा. धागा आखूड, कचरा जास्त, आणि वाटेत भेसळ. एप्रिल १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली आणि लिव्हरपूलला माल पोचेना. मग जो कापूस मिळेल तो घ्यायचा, अशी वेळ मँचेस्टरवर आली. युद्धापूर्वी हिंदुस्थानी कापसाला लिव्हरपुलात पौंडाला चार-पाच पेन्स मिळत; १८६४ मध्ये भाव वीस पेन्सांच्याही वर गेला. एरवी जेवढे पैसे मिळाले असते त्याहून सत्तर-पंचाहत्तर दशलक्ष पौंड जास्त या चार-पाच वर्षांत मुंबईत आले, असा अंदाज पुढे नेहमी दिला जात असे. त्या काळचा पौंड म्हणजे दहा रुपये. हिशेब ज्यानं त्यानं करावा.

हा पैसा फक्त मुंबईत राहिला नाही, हे लक्षात घ्यायला हवं. खानदेश, वऱ्हाड, भडोच, काठेवाड आणि आपला धारवाड, सगळीकडं तो झिरपला. धारवाड भागात न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्याचा कापूस १८४० च्या दशकापासून लावला जात होता. सरकारनं धारवाडात जिनं दुरुस्त करण्याचा कारखानाही काढला होता. त्यामुळं ‘धारवाड-अमेरिकन’ हे नाव लिव्हरपूलच्या बाजारात आधीपासून माहीत होतं. माल घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जाई, म्हणून देशी जातीला ‘कुमठा’ हे नाव पडलं. त्या नावाचा कापूस कुमठ्यात पिकत नव्हता, ही गंमत आपल्यापैकी कित्येकांना ठाऊक असेल. १८६२ मध्ये उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्याला जोडला गेला. त्यामागे कारवार बंदर आणि धारवाडचा कापूस यांची सांगड घालण्याचा हिशेब होता. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांनी काढलेल्या मँचेस्टर कॉटन कंपनीनं आपली माणसं कारवारला धाडली. हुबळीहून यल्लापूर, आरबैल घाट, मग कारवार असा गाडीरस्ता. आज आपण त्या घाटातून बसनं जातो तेव्हा तो कापसासाठी झाला हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

भाव चढला तशी भेसळही वाढली. ओला कापूस, सरकी, माती, काय वाटेल ते गासडीत. शेवटी १८६३ मध्ये मुंबई सरकारला कापसातल्या लबाडीविरुद्ध खास कायदा करावा लागला. आणि गावोगाव चांदीच्या धावा बसवलेल्या गाड्या आणि चांदीच्या फाळाचे नांगर यांच्या गोष्टी निघाल्या. माझ्या मते यातली निम्मी अतिशयोक्ती आहे. चांदीचा फाळ काळ्या जमिनीत दोन तास टिकणार नाही. पण अशा गोष्टी उगाच निघत नाहीत, पैसा दिसत होता म्हणूनच निघाल्या.

आता मुंबई. पैसा आला, पण तो घालायचा कुठं? त्या वेळी शहरात कापडगिरण्या जेमतेम हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या (पहिली कंपनी १८५४ ची), आणि कापूस एवढा महागल्यावर गिरणी चालवण्यात फायदाही नव्हता. मग कंपन्या निघू लागल्या. जानेवारी १८६५ मध्ये मुंबईत ३१ बँका, १६ वित्तमंडळ्या (त्यांना ‘फायनान्शियल असोसिएशन’ म्हणत), २० विमा कंपन्या, १६ प्रेस कंपन्या, १० जहाज कंपन्या आणि समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या ८ कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी यातलं जवळजवळ काहीच नव्हतं. ३१ बँका! एवढ्या शहराला एवढ्या बँका कशाला लागतात, हा प्रश्न कुणी विचारला असेल तर त्याचं कुणी ऐकलं नाही.

या सगळ्यांची राणी म्हणजे बॅकबे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिल ते कुलाबा या अर्धवर्तुळातला समुद्र भरून जमीन काढायची, ती विकायची, असा बेत. कल्पना वाईट नव्हती. पुढच्या शतकात तिथंच भराव झाला. पण ५,००० रुपयांच्या शेअरवर ५०,००० रुपयांचा प्रीमियम बोलला जाऊ लागला, तेव्हा समुद्रातली एक पाटीसुद्धा माती वर आलेली नव्हती. माणसं जमीन विकत घेत नव्हती. पुढच्या आठवड्यात आपल्याहून जास्त देणारा कुणीतरी भेटेल, ही आशा विकत घेत होती.

या खेळातलं सर्वांत मोठं नाव प्रेमचंद रायचंद. सुरतेचे जैन दलाल, इंग्रजी जाणणारे, तिशी जेमतेम ओलांडलेले. नवी कंपनी निघाली की तिचे शेअर कुणाला किती वाटायचे हे प्रेमचंदशेठ ठरवत, आणि त्यांच्या दारात शेअर मागायला रीघ लागे. त्यात गोरे अधिकारी होते, पारशी, भाटिये, बनिये होते, आणि आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड मूळचे गोव्यातल्या पेडण्याजवळच्या मांद्र्याचे. वैद्यकात, पुराणवस्तूंत आणि लोककार्यात तेवढ्या तोलामोलाचा माणूस त्या काळच्या मुंबईत विरळा. तेही या सट्ट्यात उतरले आणि त्यांची मिळकत बुडाली. हे मुद्दाम सांगतो. सट्टा म्हणजे फक्त लोभी आणि मूर्ख लोकांचा खेळ, असं समजणं सोपं असतं. शहाणी माणसंही त्यात होती, कारण तीन-चार वर्षं तो खेळ खरोखरच पैसे देत होता.

इथपर्यंतची गोष्ट बहुतेकांना ठाऊक असते. मी तीस वर्षं बँकेत कर्जखात्याच्या टेबलावर काढली, त्यामुळं मला यात रस वेगळ्या ठिकाणी वाटतो : या शेअरांना पैसे कुणी पुरवले?

कापसाचा नफा मोठा होता हे खरं, पण शेअरांचे भाव ज्या उंचीवर गेले ते रोख पैशावर गेले नाहीत. ते कर्जावर गेले. बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये सनद मिळून स्थापन झाली होती. सरकारचं भांडवल तिच्यात होतं, सरकारचे प्रतिनिधी संचालक मंडळावर बसत. तिचे जुने नियम कडक होते. १८६३ च्या नव्या कायद्यानं हे दावं सैल झालं आणि खासगी कंपन्यांच्या शेअरांच्या तारणावर कर्ज देण्याची वाट मोकळी झाली. भांडवलही वाढवत वाढवत पन्नास-बावन्न लाखांवरून दोन कोटींवर नेलं. बँकेचे सेक्रेटरी जेम्स ब्लेअर. प्रेमचंदशेठच्या शब्दावर, नुसत्या चिठ्ठीवर कर्ज मंजूर होत असे, हे पुढं चौकशीत बाहेर आलं. बाकीच्या नव्या बँका तर याच कामासाठी निघाल्या होत्या. एका बँकेनं दुसरीच्या शेअरांवर कर्ज द्यायचं, दुसरीनं तिसरीच्या. बँका एकमेकींच्या खांद्यावर उभ्या होत्या आणि सगळ्यांत खालची कशावर उभी आहे, हे बघायला कुणाला सवड नव्हती.

तारणाचं गणित साधं आहे. समजा, एका शेअरचा बाजारभाव ४०,००० आहे आणि बँकेनं सावधपणे निम्म्यावर, म्हणजे २०,००० कर्ज दिलं. कागदावर हे अगदी सुरक्षित कर्ज. पण शेअर १०,००० वर आला आणि कर्जदारानं हात वर केले, की बँकेच्या पदरात दहा हजारांचा कागद आणि दहा हजारांचं भोक. त्यात आणखी एक मेख आहे. बँक घाबरून तारण विकायला काढते, तेव्हा तिच्या विकण्यानंच भाव आणखी पडतो, आणि मग शेजारच्या बँकेचं तारणही बुडतं. म्हणजे प्रत्येक बँक आपापल्या परीनं शहाणपणानं वागते आणि सगळ्या मिळून खड्ड्यात जातात. चढत्या बाजारात हेच चाक उलटं फिरत असतं : भाव वाढला की तारणाची किंमत वाढते, मग आणखी कर्ज, त्यातून आणखी खरेदी. म्हणून तेजीत कर्जखात्याचा माणूस नेहमी हुशार दिसतो.

१८६४ च्या शरद ऋतूतच लिव्हरपुलात शांततेच्या अफवांनी कापूस घसरू लागला होता. मुंबईनं त्याकडं काणाडोळा केला. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली. ती बातमी मुंबईत येऊन धडकली आणि कापसाचे भाव कोसळले. शेअरांचे बहुतेक मोठे सौदे १ जुलै १८६५ च्या वायद्याचे होते. म्हणजे भाव आज ठरवायचा, पैसे आणि कागद त्या दिवशी. मे-जूनमध्ये सगळं शहर त्या तारखेची वाट बघत होतं, जशी फाशीची शिक्षा झालेला माणूस वाट बघतो. मोठमोठ्या पेढ्या १ जुलैच्या आधीच बसल्या. तो दिवस उजाडला तेव्हा घेणाऱ्याकडं पैसे नव्हते, आणि ज्याला पैसे यायचे होते त्यानं दुसऱ्याला तेच पैसे कबूल केले होते. दिवाळखोरांची रांग एवढी लांब झाली की सरकारला त्यांच्यासाठी वेगळा कायदा करावा लागला. सट्ट्याच्या सौद्यांचे दावे कोर्टात चालू नयेत म्हणूनही मुंबईत १८६५ चा तिसरा कायदा आला.

बॅकबेचा शेअर ५०,००० च्या प्रीमियमवरून दोन हजारांच्याही खाली उतरला. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर २,८५० पर्यंत गेला होता, तो ८७ रुपयांना विकायची पाळी आली.

आता आपला मूळ प्रश्न. एवढं झालं तरी ते श्रीमंतांचं भांडण आहे, असं कुणी म्हणेल. कागद एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती गेले. एकाचं बुडालं तेच दुसऱ्याला आधी मिळालं होतं. शहरातली घरं, गोद्या, बैलगाड्या, कापसाचे प्रेस सगळं १ जुलैला होतं तसंच २ जुलैलाही होतं. मग शहर का बसलं?

कारण बँकांनी हात आखडता घेतला. सट्टेबाजांना देणं थांबवलं असतं तर चांगलंच होतं. पण ज्या बँकेचं भांडवल पोखरलेलं आहे ती चांगला कर्जदार आणि वाईट कर्जदार यांत फरक करत बसत नाही. ती सगळ्यांकडूनच पैसे परत मागते. कापसाचा व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला कर्ज काढून माल उचलतो, लिव्हरपूलला हुंडी पटली की फेडतो. हे कर्ज मिळेना. हुंड्या वटेनात. कालपर्यंत ज्याच्या सहीवर लाखाचा माल उठत होता, त्याच्या सहीला आज कुणी हात लावीना, कारण तो किती ठिकाणी गुंतला आहे हे कुणालाच कळत नव्हतं. मंदीचं बीज इथं आहे. पैसा नाहीसा होतो त्याहून जास्त नुकसान भरवसा नाहीसा झाल्यानं होतं. जमशेटजी टाटा तेव्हा विशी-पंचविशीतले. मुंबईकरांची एक बँक लंडनात काढायच्या बेतानं ते विलायतेला गेले होते. तिथं पोचल्यावर हातातल्या कागदांची किंमत शून्य झाल्याचं त्यांना बघावं लागलं. वडिलांची पेढी वर यायला पुढं १८६७-६८ च्या अबिसीनियाच्या मोहिमेतला पुरवठ्याचा ठेका कामी आला.

त्यात लंडनची भर पडली. १० मे १८६६ रोजी लंडनमधली ओव्हरेंड गर्नी ही बलाढ्य पेढी कोसळली. पाठोपाठ जूनमध्ये आग्रा अँड मास्टरमन्स बँकेनं व्यवहार बंद केले. या बँकेत हिंदुस्थानातल्या कित्येक गोऱ्या नोकरदारांच्या ठेवी होत्या. मुंबई जेमतेम सावरायला बघत होती, तेवढ्यात बाहेरून मिळणारी उसनवारीही थांबली.

बँक ऑफ बॉम्बे मात्र लगेच मेली नाही, आणि माझ्या मते हेच जास्त घातक ठरलं. सरकारची भागी आहे, सरकार बुडू देणार नाही, या विश्वासावर ती अडीच वर्षं रखडत राहिली. जानेवारी १८६८ मध्ये ती गुंडाळली आणि त्याच वर्षी नवी बँक ऑफ बॉम्बे उभी राहिली. ठेवीदारांचे पैसे मिळाले, पण भागधारकांचं भांडवल जवळजवळ सगळं धुऊन गेलं. ‘सरकारी बँक’ म्हणून निर्धास्तपणे शेअर घेतलेल्या विधवा आणि पेन्शनर यांच्या तक्रारी विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेल्या. सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी बसली. तिच्यातून निघालं ते असं की कायदा सैल करणारे, कर्ज देणारे, लक्ष न ठेवणारे संचालक आणि डोळेझाक करणारं सरकार अशी सगळ्यांचीच थोडी थोडी चूक. असं निघालं की कुणालाच फारसं काही होत नाही.

शहरात काय झालं ते एका आकड्यात दिसतं. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ भरली. आठ वर्षांत पावणेदोन लाख माणसं कमी. १८६४ चा आकडा तेजीनं फुगलेला होता हे मान्य, पण ती फुगलेली माणसं म्हणजे कोण? भरावावर पाट्या वाहणारे, बांधकामावरचे गवंडी-बिगारी, गोदीतले हमाल, कुलाब्याला कापूस तोलणारे. रत्नागिरीकडून, देशावरून आलेली माणसं. काम बंद पडलं, ती परत गेली. बुडालेल्या शेठजींची नावं इतिहासात आहेत. या पावणेदोन लाखांपैकी एकाचंही नाव आपल्याला माहीत नाही. भायखळ्याच्या म्युझियमची पायाभरणी १८६२ मध्ये झाली होती, ते उघडायला १८७२ उजाडलं. वर्गणीदारांचे खिसेच रिकामे झाले होते. याच म्युझियमला आता भाऊ दाजींचं नाव आहे.

आता आपल्याकडं येऊ. कापसाचा भाव एका रात्रीत युद्धापूर्वीच्या पातळीला आला नाही. एक-दोन वर्षं तो वर-खाली होत राहिला आणि उलट १८६६ मध्ये हिंदुस्थानातून भरपूर माल विलायतेला गेला. पण नंतर उतरण लागली ती लागलीच. अमेरिकेचा कापूस परत आला आणि मँचेस्टरला आपली आठवण राहिली नाही. शेतकऱ्यानं दरम्यान काय केलं होतं? ज्वारीच्या रानात कापूस घातला होता, बैलजोडी घेतली होती, मुलीचं लग्न हौसेनं केलं होतं, आणि सावकाराकडून सढळ हातानं कर्ज घेतलं होतं. भाव चढा असताना सावकारही मागं लागून देत होता. त्याला वरच्या अडत्याकडून मिळत होतं, अडत्याला मुंबईच्या पेढीकडून. मुंबईची पेढी आटली तसं हे पाणी उलट्या क्रमानं आटत आलं. सावकारानं नवं कर्ज थांबवलं आणि जुनं मागायला सुरुवात केली. १८५९ च्या मुदतीच्या कायद्यामुळं दर तीन वर्षांनी खत नवं करून घ्यायचं, त्यात चढलेलं व्याज मुद्दलात घालायचं, हा धंदा होताच.

कर्ज रुपयांत असतं, पीक मणांत. ही गोष्ट मंदीत सगळ्यांत क्रूर ठरते. शंभर रुपयांचं कर्ज घेताना ते समजा दोन मण कापसाइतकं होतं; भाव निम्मा झाला की तेच कर्ज चार मणांचं होतं. शेतकऱ्यानं एक पैसाही नवा घेतलेला नाही आणि त्याचं कर्ज दुप्पट झालं. सरकारी साऱ्याचंही तेच. इंदापूर तालुक्यात १८६७ च्या सुमारास तीस वर्षांची मुदत संपून फेरआकारणी झाली तेव्हा तेजीतले भाव डोळ्यांसमोर होते. सारा निम्म्यापेक्षाही जास्त वाढला. धारवाडकडंही १८७० च्या दशकात फेरआकारणी झाली, आणि पाठोपाठ १८७६-७८ चा दुष्काळ आला. बेळगाव, कलादगी, धारवाड या जिल्ह्यांनी तो कसा सोसला हे आपल्या मंडळात पूर्वी सविस्तर आलेलं आहे.

मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यात सुपे इथं शेतकऱ्यांनी सावकारांची घरं गाठली आणि खतं, दस्तऐवज जाळले. हे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरलं. दख्खनचे दंगे म्हणून ते प्रसिद्ध आहेत, आणि त्यांतूनच १८७९ चा शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा निघाला. शाळेच्या पुस्तकांत अमेरिकन युद्ध, कापूस, मंदी, दंगा अशी सरळ रेघ ओढलेली असते. एवढी सरळ रेघ मला पटत नाही. पुणे-नगर हे मुळात कापसाचे मोठे जिल्हे नव्हेत. खरा कापूस होता खानदेशात, वऱ्हाडात आणि आपल्याकडं, आणि तिथं दंगा झाला नाही. पुणे-नगरकडं दुसरी कारणं होती. रेल्वेच्या कामावरची मजुरी (बोरघाट १८६३ मध्ये, थळघाट १८६५ मध्ये पुरा झाला) संपली, रेल्वेमुळं बैलगाड्यांचं भाडं गेलं, आणि सारा वाढला. पण या सगळ्यांच्या तळाशी पत आटण्याची गोष्ट आहेच. कापूस न पिकवणाऱ्या शेतकऱ्यालाही सावकार पैसे देईनासा झाला, आणि सावकाराला कुठून मिळेनासे झाले ते आपण बघितलं.

मग शेअर कोसळले म्हणून मंदी आली, की कापूस कोसळला म्हणून? चर्चेत हा मुद्दा हटकून निघतो. कापूस तर पडणारच होता; युद्ध कायमचं चालत नाही. शेअरांचा खेळ नसता आणि कापसाचा नफा लोकांनी घरात सोनं म्हणून ठेवला असता, तर भाव पडल्यावर चार वर्षं कमी नफ्यात गेली असती, एवढंच. शेअर पडले पण बँका शाबूत राहिल्या असत्या तर काही शेठजी भिकेला लागले असते आणि शहर चालू राहिलं असतं. तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेव्हा मंदी झाली : खऱ्या मालाचा भाव उतरला, त्या मालाच्या आशेवर चढलेले कागद पडले, आणि त्या कागदांवर ज्यांनी कर्ज दिलं होतं त्या बँका बसल्या. माझ्या मते यातली तिसरी निर्णायक. आपल्याच मुंबईत १९९२ मध्ये बँकांच्या रोख्यांचा घोटाळा निघून बाजार कोसळला, अनेकांचे हात पोळले. पण देशातली बँकव्यवस्था कोसळली नाही आणि मंदी काही आली नाही.

१९२९ त्याच साच्यातलं, फक्त आकार प्रचंड. न्यूयॉर्कचा डाऊ जोन्स निर्देशांक सप्टेंबर १९२९ मध्ये ३८१ होता, जुलै १९३२ मध्ये ४१ वर आला. पण नुसत्या ऑक्टोबरच्या पडझडीनं महामंदी झाली नाही. १९३० ते १९३३ मध्ये तिथल्या सुमारे नऊ हजार बँका बंद पडल्या, त्यानं झाली. शेवटी दर चार कामगारांमागे एक बेकार. मालाचे भाव पडत गेले आणि कर्ज रुपया-डॉलरमध्ये तेवढंच राहिलं, हा जो सापळा आयर्व्हिंग फिशर या अर्थशास्त्रज्ञानं १९३३ मध्ये उलगडून दाखवला, तो आपल्या इकडच्या कुळानं १८७० मध्येच भोगला होता. हिंदुस्थानातल्या शेतमालाचे भाव त्या महामंदीत जवळजवळ निम्मे झाले, सारा मात्र रोख आणि तेवढाच राहिला. घराघरातलं सोनं १९३१ नंतर बाहेर पडलं ते त्यामुळं.

१८६५ चं सगळंच वाया गेलं असं मात्र नाही. प्रेमचंद रायचंद यांनी तेजीत असताना मुंबई विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी आणि मग मनोऱ्यासाठी दोन-दोन लाख दिले होते. आईच्या नावानं उभा राहिलेला तो राजाबाई टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. तोवर दात्याची सगळी मालमत्ता धनकोंच्या हाती जाऊन बरीच वर्षं झाली होती. प्रेमचंदशेठ स्वतः १९०६ पर्यंत जगले आणि पुन्हा सावरले. एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनीनं केलेला भराव सरकारनं १८७० मध्ये विकत घेतला, त्यावर १८७३ मध्ये पोर्ट ट्रस्ट उभा राहिला. स्वस्त झालेल्या कापसामुळं गिरण्यांना बरे दिवस आले आणि १८७० नंतर त्या भराभर निघाल्या. दलालांनी १८७५ मध्ये आपली रीतसर संघटना केली, तीच पुढचा मुंबई शेअरबाजार. १८७६ च्या कायद्यानं सरकारनं इलाख्यांच्या बँकांतली आपली भागी काढून घेतली आणि त्यांच्या कर्जव्यवहाराला पुन्हा वेसण घातली. या बँकांची पुढं १९२१ मध्ये इंपीरियल बँक झाली, आणि १९५५ मध्ये स्टेट बँक.

कारवारला मात्र काहीच मिळालं नाही. मँचेस्टरवाल्यांच्या कंपनीचा गाशा लवकरच गुंडाळला गेला. धारवाडहून कारवारपर्यंत रेल्वेचे आराखडे झाले ते कागदावरच राहिले. १८८० च्या दशकाच्या अखेरीस लोंढा-कॅसलरॉकवरून गाडी धावू लागली ती गोव्याच्या मुरगाव बंदराकडं, आणि आपल्या भागातल्या कापसाच्या गासड्या त्या वाटेनं जाऊ लागल्या.